वनस्पतींच्या पेशी-संवर्धात क जीवनसत्त्वाचे विघटन कसे होते?

द्रव माध्यमात वाढवलेल्या गुलाबाच्या पेशींवर स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे झालेल्या, 2005 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर मिळते. संशोधकांनी किरणोत्सारी कार्बनने खूण केलेले अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, म्हणजेच क जीवनसत्त्व, त्या पेशींना दिले आणि त्यापासून तयार होणाऱ्या पदार्थांचा माग काढला.

अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाचे ऑक्सिडीकरण होऊन प्रथम डीहायड्रोअ‍ॅस्कॉर्बिक आम्ल बनते, आणि येथून वाटा फुटतात. पाण्याशी अभिक्रिया झाली, तर डायकीटोग्युलोनिक आम्ल मिळते. ऑक्सिडीकरण पुढे चालू राहिले, तर ऑक्झॅलिलथ्रिओनेट हे एस्टर (आम्ल व अल्कोहोल-गट जोडले जाऊन बनणारे संयुग) तयार होते आणि पेशीबाहेरील एस्टरेज हे विकर (एन्झाइम) ते तोडून ऑक्झॅलिक व थ्रिओनिक आम्ले मोकळी करते. यांतील बऱ्याच पायऱ्या विकराशिवायही घडू शकतात, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. हे सारे पेशीच्या आत नव्हे, तर पेशीभित्तिकेच्या परिसरात घडते आणि त्या ओघात हायड्रोजन पेरॉक्साइडही निर्माण होऊ शकते.

मात्र हाच मार्ग सर्व वनस्पतींना लावू नये. द्राक्षात या जीवनसत्त्वाची कार्बनसाखळी चौथ्या व पाचव्या अणूंच्या दरम्यान तुटते आणि त्यातून टार्टारिक आम्ल बनते.