नाशिकहून २२ जण इमॅजिका थीम पार्कला जायचंय, त्यात ९ मुलं आणि आजी-आजोबा. मे महिन्यात एका दिवसात जाऊन येता येईल का? आणि एवढ्या सगळ्यांना एकत्र कसं ठेवायचं?

एका दिवसात होत नाही. आणि सगळ्यांना एकत्र ठेवायच्या भानगडीत पडूच नका.

हे मी पुस्तकी सांगत नाहीये. आम्ही दोनदा गेलो. पहिल्यांदा १९ जण, मे महिन्यात, एका दिवसात, आणि दिवसभर सगळे हातात हात घालून. ती ट्रिप आमच्या घरात अजून शिवीसारखी वापरतात. दुसऱ्यांदा १७ जण, जानेवारीत, मुक्काम करून. तिचे फोटो अजून आईच्या फोनच्या वॉलपेपरला आहेत. मी त्या घरातली आत्या. सातपूरला एका कंपनीत अकाउंट्सला आहे, म्हणून 'हिशेबाचं हिला जमतं' असं म्हणत दोन्ही वेळा सगळं माझ्याच गळ्यात मारलं होतं.

आधी अंतराचं बघा. पार्क खोपोलीच्या पुढे, खोपोली–पाली रस्त्यावर आहे. नाशिकहून दोनशे किलोमीटरच्या आसपास. मोबाईल जो वेळ दाखवतो, तो न थांबणाऱ्या गाडीचा. तुमच्या गाडीत नऊ मुलं आहेत. एकाला घोटीला शू लागणार, दुसऱ्याला 'तेव्हा लागली नव्हती' म्हणून पुढे दहा किलोमीटरवर लागणार. सहा तास धरून चला. पहाटे चारला निघून रात्री एकला परत, हा बेत कागदावर झकास दिसतो, पण त्यात ड्रायव्हर नावाचा माणूस कुणी धरलेला नसतो. आमचा ड्रायव्हर पहाटे तीनला उठलेला होता आणि रात्री साडेअकराला कसारा घाट चढवत होता. मागे सगळे माना टाकून झोपलेले. मी पुढच्या सीटवर बसून त्याच्याशी कांद्याच्या भावावर बोलत होते. मला कांद्यातलं काही कळत नाही, पण त्याचा डोळा लागू नये म्हणून लासलगावपासून पिंपळगावपर्यंत सगळ्या बाजार समित्या फिरवून आणल्या.

तेव्हा आदल्या दिवशी दुपारी निघा आणि रात्री खोपोली किंवा कर्जतच्या बाजूला मुक्काम करा. लोणावळाही चालेल, पण सकाळी घाट उतरून यावं लागतं आणि सुट्टीत तिथल्या खोल्यांचे दर विचारू नका. जमलं तर पार्क झाल्यावर दुसरी रात्रही तिथेच काढा. दमलेली मुलं, पोटात आइस्क्रीम आणि रात्रीचा घाट, याचा परिणाम काय होतो ते गाडी धुणाऱ्याला विचारा.

रस्ता आता सोपा झालाय. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला, त्यामुळे कसारा घाट टाळता येतो. जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा आहे, मुलं त्यात किंचाळून घेतात, घेऊ द्या. (घाटनदेवी मात्र चुकते. आईने इगतपुरीतूनच तिच्या दिशेने हात जोडले आणि 'येताना येते गं' म्हणाली. येतानाही समृद्धीनेच आलो.) नाश्ता, बाथरूम, सगळं घोटीलाच उरका, पुढे त्या रस्त्यावर चहा-वडापावच्या आशेवर राहू नका. आमण्यापर्यंत गेलात तर पुढे भिवंडी–शिळफाट्याची गर्दी नशिबी येते. आम्ही शहापूरजवळ खुटघरला उतरून मुरबाड–कर्जतमार्गे खोपोली गाठली. रस्ता सगळीकडे रुंद नाही, पण दिवसाउजेडी बरा आहे.

आता आजी-आजोबांचं. पहिल्यांदा आम्ही आई, बाबा आणि मावशीचीही तिकिटं काढली. तिघं दिवसभर एका झाडाखाली पिशव्या राखत बसली. दर अर्ध्या तासाने कुणीतरी घामाघूम येऊन पाणी पिऊन जायचं, तेवढाच त्यांचा विरंगुळा. बाबांनी तर तिकिटाला भागून एका पिशवीमागे राखण किती रुपयाला पडली, याचा हिशेब काढला. मी त्यांचीच मुलगी.

दुसऱ्या वेळी लक्षात आलं की भाड्याची गाडी आणि ड्रायव्हर दिवसभर पार्किंगमध्ये नुसतेच उभे असतात. त्यांचे पैसे तर दिलेलेच असतात. आणि पार्क आहे पालीच्या रस्त्यावर! खोपोलीजवळ महडचा वरदविनायक, पुढे सरसगडाच्या पायथ्याशी पालीचा बल्लाळेश्वर, अष्टविनायकांतले दोन गणपती हाकेच्या अंतरावर. आम्हाला गेटवर सोडून गाडी तिघांना घेऊन गेली. दोन्ही दर्शनं करून, पालीला जेवून, दुपारी खोलीवर येऊन झोपलेसुद्धा. ड्रायव्हरचीही तीन तास झोप झाली. संध्याकाळी आम्हाला घ्यायला आले तेव्हा अख्ख्या गाडीत तेवढेच चौघं ताजेतवाने होते. फक्त मंगळवार, संकष्टी आणि सलग सुट्ट्या बघून घ्या, नाहीतर रांग तिकडेही आहेच. एखाद्या आजोबांना पार्क बघायचाच असेल तर जरूर न्या, पण त्यांना विचारून. 'त्यांना एकटं कसं सोडायचं' हा प्रश्न बहुतेक वेळा आपला असतो, त्यांचा नसतो.

पार्कच्या आत टोळ्या करा. आमच्या तीन होत्या. मोठी वानरसेना, म्हणजे बारा वर्षांपुढची मुलं आणि ज्याचं पोट भक्कम आहे असा एक काका. मधली फळी, सहा ते अकरा. आणि लिंबूटिंबू. प्रत्येक टोळीला दोन मोठी माणसं आणि एक चार्ज केलेली पॉवर बँक. भेटायच्या वेळा दोनच, दीडला जेवायला आणि सहाला गेटवर. मध्ये कुणी कुणाला 'कुठे आहात' असा फोन करायचा नाही. हा नियम माझ्या वहिनीला सगळ्यात जड गेला.

टोळ्या का, तर ऐका. १९ जण एका राईडवरून दुसरीकडे निघाले की एक पाणी आणायला जातो, दोघी बाथरूमला, एक फोटो काढत मागे राहतो आणि उरलेले उन्हात उभं राहून 'कुठे गेले रे सगळे' करतात. सकाळी अकरा ते दीड एवढ्या वेळात आमच्या फक्त दोन राईड झाल्या होत्या. त्यातला एक घोड्यांचा पाळणा.

घरून निघण्याआधी करायचं सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे मुलांची उंची मोजणं. तिकिटाचा दर आणि राईडची परवानगी, दोन्ही उंचीवर असतं, वयावर नाही. पहिल्यांदा माझा भाचा नायट्रोच्या रांगेत पाऊण तास उभा होता. ती मोठी रोलर कोस्टर, त्याने यूट्यूबवर शंभरदा पाहिलेली. पुढे पोचल्यावर तिथल्या मुलाने उंचीची पट्टी धरली. भाच्याने हळूच टाचा उचलल्या. त्या मुलाने काही न बोलता त्याच्या खांद्यावर हात ठेवला, टाचा खाली आल्या, आणि पट्टीला दोन बोटं कमी पडली. आजूबाजूच्या पन्नास जणांनी ते पाहिलं. पुढचा तासभर तो कुणाशी बोलला नाही, आइस्क्रीमसुद्धा नको म्हणाला. दुसऱ्या वेळी आम्ही स्वयंपाकघराच्या चौकटीवर स्केचपेनने प्रत्येकाची रेघ मारली, वेबसाईटवरून राईडची उंची काढली आणि कोण कशात बसणार ते घरीच ठरवून टाकलं. जे काही रडायचं ते घरीच रडून झालं. भाचा तोवर वाढला होता. ती रेघ वहिनी अजून पुसू देत नाही.

राईडचा क्रम म्हणाल तर गेट उघडल्यावर सगळे समोर जे दिसेल तिथे घुसतात. वानरसेनेने सरळ मोठ्या कोस्टरकडे पळावं, कारण ती रांग नंतर फक्त वाढते. 'आय फॉर इंडिया'सारखं छताखालचं, गारव्यातलं सगळं दुपारसाठी राखा. सलीमगड भुताटकीचा आहे. लहानांना नेऊन शूर बनवायला जाऊ नका, रात्री तुमच्याच कुशीत येणार आहेत. राजासॉरस या पाण्यातल्या राईडमध्ये भिजायला होतं, तेव्हा ती उन्हं कलल्यावर करू नका, जानेवारीत तर नाहीच. (राजासॉरस हा खराखुरा डायनोसॉर आहे, गुजरातेत नर्मदेच्या खोऱ्यात सापडलेला, २००३ मध्ये नाव मिळालेला. ही माहिती मधल्या फळीतल्या एकाने रांगेतल्या प्रत्येक अनोळखी माणसाला दिली.) वॉटर पार्क त्याच दिवशी जोडू नका, दोन्हीचे पैसे भरून दोन्ही अर्धवट होतात.

आणि मे महिना टाळता आला तर टाळा. आपल्याला नाशिकच्या कोरड्या उन्हाची सवय. खोपोली घाटाखाली, तिथला उकाडा चिकट असतो, सावलीतही सुटका नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस असा कोसळतो की उघड्यावरच्या राईड कधी बंद होतील सांगता येत नाही. जानेवारीतला आठवड्याचा मधला वार उत्तम, २६ जानेवारी सोडून. शाळेचा एक दिवस बुडतो, बुडू द्या. मेच हवा असेल तर निदान शनिवार-रविवार नको.

गाडी सांगताना सामानाची जागा विचारा. आमच्या पहिल्या ट्रॅव्हल्सवाल्याने वरती कॅरिअर नसलेली गाडी पाठवली आणि १९ जणांच्या बॅगा पायांत आल्या. फोटो मागवून घ्या, आणि फोटोतली तीच गाडी येणार का हेही विचारा. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, म्हणून सकाळी मुक्कामावर पोटभर खाऊ घाला आणि चिवडा-लाडू गाडीतच ठेवा, परतताना त्यालाच सोन्याचा भाव येतो. पैशाचं म्हणाल तर गाडी, मुक्काम, तिकिटं एवढंच सामाईक, आणि ते निघण्याआधी एकाच्या खात्यावर जमा. आतली खरेदी ज्याची त्याची. आजी-आजोबांचा खर्च कुणी करायचा हा विषय गाडीत काढू नका, तो आधीच भावंडांच्या ग्रुपवर मिटवा.

लहान मुलांसाठी दोन गोष्टी. सकाळी गेटवर प्रत्येक मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांत एक फोटो काढा. हरवलं तर 'निळा शर्ट होता की हिरवा' यावरच आई-बापांची आधी जुंपते. आणि आईचा नंबर बॉलपेनने मनगटावर नाही, दंडावर लिहा, मनगटावरचा हात धुताना जातो. सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट शिवायची कल्पना आमच्याकडेही आली होती. रंगावरून चार दिवस ग्रुपवर भांडण चाललं आणि शेवटी कुणीच घेतले नाहीत.

तुमची नऊपैकी सहा-सात मुलं पाच वर्षांच्या आतली असतील तर हा सगळा खटाटोप करूच नका. शिर्डीचा वॉटर पार्क आपल्याला निम्म्याहून कमी अंतरावर आहे, दर्शनही होतं, आणि त्या वयाला पाणी आणि घसरगुंडी यापलीकडे काही लागत नाही.

राहता राहिली मोजणी. गाडीत 'सगळे आले का?' असं कधी विचारू नका, 'हो' असा एक आवाज येतो आणि गाडी सुटते. प्रत्येकाला नंबर द्या आणि प्रत्येक थांब्यानंतर एकपासून ओरडायला लावा, ड्रायव्हरसकट. आमचा अकरा नंबर खोपोलीहून निघताना आलाच नाही. दहा, मग शांतता. पुन्हा एकपासून, पुन्हा दहा, पुन्हा शांतता. वहिनी दार उघडून खाली उतरलीसुद्धा. अकरा नंबर मागच्या सीटखाली बॅगांवर गाढ झोपला होता, एका हातात अर्धं खाल्लेलं मक्याचं कणीस.