टोर्नेडोनं पाडलं की चक्रीवादळानं, हे पडझड पाहून कसं ओळखतात?

तुमचा प्रश्न असा: ऑक्टोबर २०२४ मध्ये मिल्टन चक्रीवादळ फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर धडकलं, मग पूर्व किनाऱ्यावरच्या फोर्ट पियर्सजवळची घरं टोर्नेडोनं, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरलेल्या हवेच्या अरुंद भोवऱ्यानं, पाडली हे कशावरून ठरवलं? वारा तर दोन्हीकडे वाराच.

मी रावेर तालुक्यातला केळी उत्पादक. आडव्या झालेल्या बागांमधून पंचनाम्याच्या वेळी तलाठी आणि कृषी सहायकांसोबत खूप हिंडलोय. त्यामुळे मी आधी पडलेल्या खोडांबद्दल सांगतो, मग फ्लोरिडाकडे येतो.

केळीचं खोड म्हणजे पानांच्या देठांची गुंडाळी, त्यात लाकूड नाही. बाग निसवलेली असली की वर घडाचं ओझं. वारा ज्या दिशेला ढकलेल त्या दिशेला ती झोपते आणि तशीच पडून राहते. पाच हजार खोडं पडली म्हणजे पाच हजार बाण जमिनीवर उमटले. काही वर्षांपूर्वी मृगाच्या आधी आमच्या शिवारात एका संध्याकाळी वीस मिनिटांत बागा झोपल्या. सगळे म्हणाले, चक्रीवादळ आलं. दुसऱ्या दिवशी बांधाबांधानं चालत गेलो. एका वावरात खोडं मधून चहूबाजूंना पडलेली, उघडलेल्या पंख्यासारखी, आणि तिथून पुढे किलोमीटरभर सगळी ईशान्येकडे. म्हणजे वारा गरगर फिरलाच नव्हता. ढगातून गार हवेचा लोट खाली आपटून पसरला होता. खान्देशात मे-जूनमध्ये होणारी बरीचशी पडझड याच वाऱ्याची असते, बातमीत शब्द मात्र चक्रीवादळाचा येतो. टेड फुजिता या जपानी-अमेरिकन शास्त्रज्ञानं अमेरिकेतल्या १९७४ च्या टोर्नेडोंनंतर विमानातून जंगलं पाहिली, तेव्हा त्यांनाही काही ठिकाणी झाडं अशीच चांदणीसारखी पडलेली दिसली. मी ते वाचलं तेव्हा डोळ्यांपुढे ते वावरच आलं.

टोर्नेडोची खूण वेगळी. त्याचा पट्टा अरुंद असतो, काही मीटरांपासून किलोमीटर-दोन किलोमीटर रुंद, क्वचितच त्याहून जास्त, पण लांबच लांब. पट्ट्याच्या एका कडेची झाडं पुढे पडतात, दुसऱ्या कडेची मागे किंवा आत, मधल्या रेषेकडे तोंड करून. फोर्ट पियर्सच्या तुमच्या मामेबहिणीनं लिहिलंय ना, की आमची घरांची ओळ गेली आणि समोरच्यांची छपरं जागेवर आहेत? ते याचमुळे. चक्रीवादळाचा स्वतःचा वारा असा निवडून मारत नाही. तो तासन्‌तास वाहतो, दिशा हळूहळू बदलतो, आणि आख्ख्या वस्तीतली झाडं जवळपास एकाच अंगाला झुकलेली सापडतात.

फोर्ट पियर्सच्या बाबतीत वेळसुद्धा बोलते. मिल्टनचा डोळा, म्हणजे वादळाचा मधला शांत भाग, ९ ऑक्टोबरच्या रात्री साडेआठच्या सुमारास पश्चिम किनाऱ्यावरच्या ‘सिएस्टा की’ या बेटाजवळ किनाऱ्याला लागला. फोर्ट पियर्स तिथून २०० किलोमीटरहून जास्त दूर, आणि तिथली घरं त्याआधीच, संध्याकाळी कोसळली होती. वादळाच्या बाहेरच्या पावसाळी पट्ट्यांमधल्या ढगांनी ते टोर्नेडो जन्माला घातले. चक्रीवादळ पुढे सरकताना त्याच्या उजव्या-पुढच्या भागात जमिनीलगतचा वारा आणि वरचा वारा यांच्या वेगात आणि दिशेत मोठा फरक पडतो. जमिनीच्या घर्षणानं तो आणखी वाढतो. दोन तळहातांमध्ये काडी फिरवावी तशी मधली हवा वळते, आणि ढगातला वर जाणारा झोत तिला उभी करतो. चक्रीवादळातले टोर्नेडो बहुतेकदा छोटे आणि अल्पजीवी असतात. त्या दिवशीचे तसे नव्हते. फ्लोरिडात एका दिवसात १२६ टोर्नेडो इशारे निघाले. फोर्ट पियर्सजवळच्या स्पॅनिश लेक्स या वसाहतीत सहा माणसं गेली, तिथल्या टोर्नेडोची तीव्रता शून्य ते पाचच्या ईएफ श्रेणीत ईएफ-३ ठरली, म्हणजे ताशी साधारण २१८ ते २६६ किलोमीटर वारा. हा वेग कुणी यंत्रानं मोजलेला नसतो. पाहणी करणारे घर कसं बांधलेलं होतं, छप्पर गेलं की भिंतीही गेल्या, हे बघून तो ठरवतात. ती कारखान्यात बनवून आणून ठेवलेली हलकी घरं होती. बहुतेक रहिवासी वयस्कर. मला त्या बातमीचं सगळ्यात वाईट याचंच वाटलं: चक्रीवादळाची वर्दी अनेक दिवस आधी मिळते, टोर्नेडोची मिळाली तर काही मिनिटं आधी.

आपल्या देशातही हे घडलंय. यास चक्रीवादळ २६ मे २०२१ ला ओडिशाच्या किनाऱ्यावर आलं, त्याच्या आदल्या दिवशी बंगालमध्ये हुगळीकाठच्या हालीशहर आणि चुंचुडा भागात टोर्नेडोनं घरं पाडली.

तुम्ही चोपड्याचे म्हणून एक सांगतो. बाग पडली की पंचनामा झाल्याबरोबर ट्रॅक्टर घालायची घाई असते. त्याआधी चारही बांधांवरून फोटो काढा, फोनमधलं होकायंत्र दहा-बारा खोडांशेजारी धरून दिशा लिहून ठेवा. घरावर पत्रे असतील तर त्यांवर ठेवलेले दगड आजच उतरवा आणि पत्रे हुक-बोल्टनं पक्के करा. वाऱ्यात पत्र्याबरोबर ते दगड खाली येतात, आणि माणसाला लागतात ते दगडच.