एफएबीएमचा कॉल हातात, बाकीचे लटकलेले: आधी दाखल्याचं बघा

कॅटला (एमबीएची प्रवेश परीक्षा) सत्त्याण्णवच्या वर पर्सेंटाइल, पुण्यात आयटीत दोन वर्षं, आयआयएम अहमदाबादच्या फूड अँड ॲग्रीबिझनेस (एफएबीएम) कोर्सच्या मुलाखतीचा कॉल आलाय, नव्या आयआयएमकडून अजून काहीच कळलेलं नाही, आणि एवढ्याशा बॅचला जावं का, असं तुम्ही विचारलंय. शेवटी जाता जाता लिहिलंय की फॉर्मला जोडलेला ओबीसीचा नॉन-क्रिमी लेयरचा दाखला (सुस्थितीतल्या गटात, म्हणजे क्रिमी लेयरमध्ये, नसल्याचा) राज्याच्या नमुन्यातला आणि जुना आहे, आणि वडील जिल्हा परिषद शाळेत शिक्षक, पगार आठ लाखांवर, म्हणून तहसीलमध्ये नवा द्यायला नकार दिलाय. खरा प्रश्न हा आहे. बाकी सगळं यापुढे दुय्यम. हे दुखणं माझ्या चांगल्या ओळखीचं आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी वकील नाही, सल्ला देण्याचा माझा धंदाही नाही. संस्थांचे नियम दरवर्षी थोडेफार सरकतात, त्यामुळे प्रत्येक गोष्ट त्या संस्थेच्या यंदाच्या प्रवेश धोरणाच्या पीडीएफशी ताडून पाहा. पर्सेंटाइल, कटऑफ, लेखी चाचणी-मुलाखत (वॅट-पीआय) वगैरे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडतो.

वाट बघण्याबद्दल थोडक्यात. जुन्या आयआयएम आपापल्या याद्या स्वतंत्रपणे लावतात. नव्यांपैकी काही एकत्र येऊन मुलाखती घेतात, त्याला आपण कॅप म्हणतो. यंदा त्यात कोण आहे आणि कोण बाहेर, हे दरवर्षी बदलतं. गेल्या वर्षीची यादी धरून बसू नका. कॅपमध्ये नाव आलं की बहुतेक वेळा वेगळी नोंदणी करावी लागते, शहर निवडावं लागतं आणि त्याला मोजकेच दिवस मिळतात. मेल स्पॅममध्ये जाते. म्हणून मेलची वाट न बघता दोन-तीन दिवसांतून एकदा प्रत्येक पोर्टलला लॉगिन करा. दर तासाला नको, त्यानं यादी लवकर लागत नाही. टेलिग्रामवरच्या 'अमक्याचे कॉल सुटले' या बातम्यांवर तर अजिबात विसंबू नका.

आता दाखला. आयआयएमना तो केंद्राच्या नमुन्यातला लागतो.

केंद्राच्या नियमात क्रिमी लेयर ठरवताना आठ लाखांची मर्यादा आहे खरी, पण त्या आठ लाखांत पगार धरायचा नसतो आणि शेतीचं उत्पन्नही धरायचं नसतं. हे कुणाचं मत नाही. केंद्राच्या कार्मिक विभागाच्या ८ सप्टेंबर १९९३ च्या ज्ञापनाला जोडलेल्या परिशिष्टातच तसं लिहिलंय, आणि १४ ऑक्टोबर २००४ च्या पत्रात त्याचा खुलासा आहे. मर्यादा सहावरून आठ लाखांवर नेली ती १३ सप्टेंबर २०१७ च्या ज्ञापनानं. नोकरदार आईवडिलांच्या बाबतीत बघायचा तो हुद्दा: दोघांपैकी कुणी वर्ग एकमध्ये थेट भरती झालंय का, दोघंही वर्ग दोनमध्ये आहेत का, किंवा वर्ग दोनमधले वडील चाळिशीच्या आत वर्ग एकमध्ये गेलेत का. प्राथमिक शिक्षक वर्ग तीनमध्ये येतात. म्हणजे तुमच्या वडिलांचा पगार नऊ लाख असो वा बारा, निव्वळ त्यामुळे तुम्ही क्रिमी लेयरमध्ये जात नाही. घरभाडं, दुकान, व्याज, शेअर असं 'इतर' उत्पन्न सलग तीन वर्षं आठ लाखांवर गेलं तरच प्रश्न येतो. तुमचा स्वतःचा आयटीतला पगारही यात येत नाही; हिशेब आईवडिलांचा असतो.

शेतीला एक पुरवणी आहे. उत्पन्न धरत नाहीत, पण जमीन धरतात. सिंचित जमीन कमाल जमीन धारणेच्या मर्यादेच्या ८५ टक्के किंवा त्याहून जास्त असेल, तर तो वेगळा निकष लागतो. दोन-चार एकरवाल्यांनी काळजी करायचं कारण नाही.

मग कार्यालयात अडतं कुठे? उत्पन्नाच्या दाखल्यात. तहसीलचा तीन वर्षांचा उत्पन्नाचा दाखला काढताना फॉर्म १६ जोडला की टेबलावरचा माणूस सगळं मिळून एकच आकडा टाकतो. तो दाखला नॉन-क्रिमी लेयरच्या अर्जाला जोडला की पुढचं टेबल तो आकडा बघून अर्ज परत करतं. दोन्ही टेबलं आपापल्या जागी 'बरोबर' आणि मधल्या मधे मुलगा बाद. एका कार्यालयात तर "परिपत्रक आमच्याकडे आलेलं नाही, तुम्हीच आणा" असं तोंडावर सांगितलं जातं, आणि आणल्यावर "साहेब दौऱ्यावर आहेत". नाव घेत नाही, पण सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला. १९९३ चं ज्ञापन काही कालचं नाही हो.

उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो. उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज करतानाच पगार, शेती आणि इतर असं उत्पन्न तीन ओळींत फोडून प्रतिज्ञापत्र द्या आणि दाखल्यावर ते तसंच वेगवेगळं यावं असा आग्रह धरा. वडिलांच्या मुख्याध्यापकांकडून किंवा गटशिक्षण कार्यालयाकडून हुद्दा, वर्ग आणि नेमणुकीचं वर्ष लिहिलेलं पत्र घ्या. पगारपत्रकापेक्षा याचं वजन जास्त. वर सांगितलेल्या तिन्ही कागदांच्या प्रती काढा, पगार न धरण्याच्या ओळीवर खूण करा आणि अर्जासोबत रीतसर जोडा. नुसत्या हातात दाखवू नका, जोडा. म्हणजे नाकारताना लेखी कारण द्यावं लागतं. तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका. अर्ज ऑनलाइन भरा, पावती घ्या, आणि मुदतीत निर्णय झाला नाही किंवा नाकारला तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली पहिलं अपील करता येतं. बऱ्याचदा अपील टाकायची वेळच येत नाही. 'पावती क्रमांक अमुक, अपील करतोय' एवढं लेखी दिलं की फाइल हलते.

दाखला मिळाला की तिथेच, खिडकीपाशी उभं राहून वाचा. केंद्राच्या नमुन्यात जातीच्या नावानंतर भारत सरकारच्या ठरावाचा क्रमांक आणि तारीख असते, आणि खाली ३६०१२/२२/९३ या क्रमांकाच्या ज्ञापनाचा उल्लेख असतो. तो आकडा नसेल तर हातात राज्याचा नमुना आहे, मग त्यावर शिक्का कितीही गोल असो. जातीचं नाव महाराष्ट्राच्या केंद्रीय ओबीसी यादीत ज्या स्पेलिंगनं आहे त्याच स्पेलिंगनं हवं. राज्याच्या यादीत असलेली प्रत्येक जात केंद्राच्या यादीत असतेच असं नाही, हेही आधी तपासा. तुमचं नाव दहावीच्या गुणपत्रिकेशी जुळतंय का बघा: आपल्या बोर्डात आडनाव आधी छापतात, कॅटच्या फॉर्ममध्ये ते शेवटी जातं, आणि पडताळणीला बसलेल्या बाहेरच्या राज्यातल्या माणसाला ही दोन वेगळी माणसं वाटतात. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं साधं प्रतिज्ञापत्र करून फाइलमध्ये ठेवा.

तारखेचा घोळ वेगळाच. आपल्याकडच्या दाखल्यावर 'अमुक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध' असं छापलेलं असतं, कधी तीन वर्षांचं. राज्याच्या प्रवेशांना ते चालतं. आयआयएम मात्र साधारणपणे दाखला दिल्याची तारीख बघतात, चालू आर्थिक वर्षातली. मुलाखती मार्चपर्यंत आणि रुजू व्हायचं जूनमध्ये, म्हणजे मधे १ एप्रिल येतो. माझं ठाम मत: आत्ता एक काढा आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा अर्ज टाका. मे महिन्यात सेतूवर सीईटीच्या पोरांची झुंबड उडते, तेव्हा कुणी विचारत नाही. मुलाखतीला जुनाच दाखला घेऊन जायची वेळ आली, तर पोच आणि हमीपत्र चालतं का ते त्या संस्थेला आधी मेलवर विचारा. उत्तराची प्रिंट सोबत ठेवा. कॅटच्या नोंदणीनंतर प्रवर्ग बदलता येत नाही, त्यामुळे 'नसेल तर ओपनमधून घ्या' ही सोय गृहीत धरू नका.

जाता जाता, तुमच्यासाठी नाही पण बाकीच्यांसाठी: ईडब्ल्यूएसचा (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) हिशेब नेमका उलटा आहे. तिथे पगार, शेती सगळं धरतात, स्वतःचं उत्पन्नही धरतात, आणि पाच एकर शेतजमिनीची अट आहे. दोन्हींतला आठ लाखांचा आकडा एकच असल्यामुळे कार्यालयंही गोंधळतात. आणि मुंबईतल्या जमनालाल बजाज या व्यवस्थापन संस्थेसारख्या राज्याच्या सीईटीतून जाणाऱ्या जागांना जात वैधता प्रमाणपत्र आणि राज्याच्या नमुन्यातला दाखला लागतो, म्हणजे दोन्हीकडे अर्ज असेल तर दोन्ही नमुने काढा.

आता छोट्या बॅचबद्दल. एफएबीएम ही पन्नासच्या आतबाहेरची बॅच. अट्ठेचाळीस जागा धरल्या तर २७ टक्क्यांनी तुमच्या प्रवर्गाच्या तेरा. प्रतीक्षायादी हलली तरी दोन-पाच नावांनी हलते, मोठ्या बॅचसारखी पन्नास-साठ नावं पुढे सरकत नाहीत. म्हणून 'वेटलिस्टमध्ये वीस, होईल' हा हिशेब इथे करू नका.

'मागच्या दारानं अहमदाबाद' असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, आणि तसं समजून जाऊही नका. पहिल्या वर्षाचा गाभा बराचसा तिथल्या मोठ्या एमबीए कोर्ससारखाच आहे, शिक्षक तेच, वसतिगृह तेच. पण प्लेसमेंटला तुम्ही शेती-अन्न क्षेत्राची बॅच म्हणून बसता. काम येतं ते बियाणं, खतं, कीडनाशकं, दूध, प्रक्रिया उद्योग, शेतमालाचा व्यापार, ग्रामीण कर्ज या पट्ट्यातलं. पोस्टिंग इंदूर, गुंटूर, अकोला अशा ठिकाणी लागू शकतं. तिथे वितरकाच्या गोडाऊनमध्ये उभं राहून उधारीवर बोलायची तयारी असेल तर ही छोटी बॅच मला नव्या आयआयएमच्या मोठ्या बॅचपेक्षा उजवी वाटते. तुम्हाला प्रॉडक्ट मॅनेजर व्हायचंय आणि शेती फक्त मुलाखतीपुरती आठवतेय, तर जाऊ नका. दोन वर्षं आणि वीस लाखांच्या वर फी, दोन्ही फुकट चिडचिडीत जातात.

फीचा आकडा यंदाच्या परिपत्रकातून घ्या. प्लेसमेंट अहवाल एफएबीएमचा स्वतंत्र निघतो, तोच वाचा. त्यात सरासरी सोडा, मध्यक बघा. 'हमखास रोख रक्कम' आणि 'जास्तीत जास्त मिळू शकणारी रक्कम' हे दोन वेगळे रकाने असतात, बातम्यांत दुसरा येतो. बॅच छोटी असल्यामुळे तीन-चार मोठे पगार सरासरी कुठल्या कुठे नेतात. माजी विद्यार्थ्यांना 'कोर्स कसा आहे' असं विचारू नका. किती कंपन्या दोन्ही बॅचना खुल्या होत्या आणि पाच वर्षांनी बॅचमधले लोक कोणत्या हुद्द्यावर आहेत, हे विचारा.

मुलाखतीत बिगर-कृषी पदवीवाल्याला 'शेतीच का' हे येणारच, आणि 'घरी शेती आहे' हे त्याचं उत्तर नाही. घरच्या एका पिकाचा एकरी हिशेब पाठ नको, समजलेला हवा. सोयाबीन घेत असाल तर एकरी तीसेक किलो बियाणं, मजुरी, काढणी, मळणी, उतारा किती क्विंटल, आणि २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ असताना बाजारात त्याखाली का विकावं लागतं. इथे ओलावा येतो: सरकारी खरेदीला १२ टक्क्यांची अट, काढणीनंतर लगेचचा माल त्याहून ओला, आणि वाळवायला ना जागा ना थांबायची ऐपत. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्रानं ही अट १५ टक्क्यांपर्यंत सैल केली होती. एवढं नीट सांगता आलं तर पॅनेल पुढचे प्रश्न यावरच विचारतं, आणि ते तुमचं मैदान आहे.

नाशिककडचे असाल तर कांद्याचा क्रम हवाच: ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरात बंदी, मे २०२४ ला बंदी उठली पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यात दर आणि ४० टक्के शुल्क लागलं, सप्टेंबरात दर गेला आणि शुल्क २० वर आलं, १ एप्रिल २०२५ पासून शून्य. सरकारला शिव्या घालू नका, बाजूही घेऊ नका. साठवणुकीच्या चाळीत ठेवलेल्या कांद्याचं या प्रत्येक तारखेला काय झालं ते सांगा. आयटीतलं कामही जोडा, पण 'ब्लॉकचेननं शेतकऱ्याचा प्रश्न सोडवू' असं म्हणालात की पुढची दहा मिनिटं अवघड जातात.

कॅपचं आलं तरी एफएबीएमची मुलाखत सोडू नका. ऑफर दोन्हीकडून आल्या आणि पहिल्याची रक्कम भरायची मुदत दुसऱ्याच्या निकालाआधी संपत असेल, तर भरण्यापूर्वी परताव्याचं कलम वाचा: किती कापतात, कोणत्या तारखेपर्यंत. मुदतवाढ मागणारा मेल करायला हरकत नाही, बहुधा नाही म्हणतात, पण विचारल्यानं ऑफर जात नाही. शैक्षणिक कर्जाचं तात्त्विक मंजुरीपत्र ऑफर येण्याआधीच बँकेत बोलून ठेवा, कारण मुदती एप्रिल-मेमध्ये येतात आणि शाखेत तेव्हा बदल्या चालू असतात.