घरबसल्या गट मायक्रोबायोम (म्हणजे आतड्यातल्या जिवाणूंची) टेस्ट करायची आहे, स्वस्त १६एस घेऊ की महागडी शॉटगन?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. दोन वर्षं झाली पोट फुगतं, कधी तीन-चार दिवस साफ होत नाही तर कधी एकदम पातळ, गावच्या डॉक्टरनं गॅसच्या गोळ्या दिल्या त्यानं फरक नाही, आणि आता मोबाईलवर रोज त्या टेस्टची जाहिरात येऊन राहिली. एक कंपनी १६एसवाली स्वस्त, दुसरी शॉटगनवाली जवळपास दुप्पट, कोणती घेऊ आणि पाच वर्षांच्या पोराचीही करून घेऊ का, असं विचारलं तुम्ही. मी वर्धा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो, डॉक्टर नाही, डीएमएलटी म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा केलेला माणूस आहे, तर लॅबवाल्याच्या नजरेनं सांगतो.

तुमचा जो त्रास आहे त्याच्यासाठी सध्या दोन्ही नको. हौस असेल, पैसे मोकळे असतील तर नंतर घ्या, कशी घ्यायची तेही लिहितो खाली. पण ही टेस्ट आतड्यात कोण कोण राहतं ते सांगते, तुम्हाला आजार कोणता ते नाही सांगत. जाहिरातवाले ह्या दोन गोष्टी अशा बेमालूम एकत्र करतात की माणसाला वाटतं रिपोर्ट आला की रोग सापडला.

आता १६एस न शॉटगनचा फरक. १६एस म्हणजे जिवाणूंच्या डीएनएमधला एक जीन, साधारण दीड हजार अक्षरांचा, आणि बहुतेक ठिकाणी त्याचाही एक तुकडाच वाचतात. त्यावरून जिवाणूचं घराणं कळतं, नेमका कोणता ते कळेलच असं नाही. गावची मतदार यादी घेऊन नुसती आडनावं मोजल्यासारखं आहे ते, राऊत किती न वानखडे किती ते समजलं, पण कोणता राऊत शेती करतो न कोणता सावकारी ते नाही समजलं. शॉटगनमध्ये नमुन्यातला सगळाच डीएनए तुकडे करून वाचतात, म्हणून नाव बरंच पक्कं कळतं, त्या जिवाणूंकडे कोणकोणते जीन आहेत तेही दिसतं. मशीन म्हणून पाहाल तर शॉटगन सरस, वादच नाही. पण जीन आहे म्हणजे तो आतमध्ये काम करूनच राहिला असंही नाही, आणि वाचलेल्या माहितीचा तुमच्या पोट फुगण्याशी काय संबंध हे दोन्ही टेस्ट सारखंच सांगू शकत नाहीत. वरून १६एसमध्ये जंत, अमिबा, बुरशी काहीच दिसत नाही, आपल्याकडे तर आधी तेच पाहायला पाहिजे न.

दुसरी भानगड टक्क्यांची. रिपोर्टमध्ये अमका १८ टक्के, तमका ३ टक्के असं असतं. एकूण बेरीज शंभरच राहणार, म्हणून एक वाढला की बाकीचे होते तेवढेच असूनही कमी झालेले दिसतात. आणि त्यात परत लाल-पिवळा-हिरवा रंग भरून देतात. हा लाल कशाच्या हिशोबानं? ज्यांच्या नमुन्यांवर त्यांचा "नॉर्मल" ठरला त्यांच्या हिशोबानं. जगातला ह्यातला बहुतेक डेटा युरोप-अमेरिकेतल्या लोकांचा आहे. आपल्याकडे भोपाळच्या आयसर ह्या विज्ञान संस्थेवाल्यांनी भोपाळ आणि केरळच्या ११० निरोगी लोकांचा अभ्यास २०१९ मध्ये छापला, त्यात धान्य-डाळ-भाजी खाणाऱ्या भोपाळवाल्यांच्या आतड्यात प्रिव्होटेला नावाचा जिवाणू भरपूर सापडला आणि मासे-मटण खाणाऱ्या केरळवाल्यांचं चित्र वेगळं निघालं. म्हणजे एकाच देशात एवढा फरक. आपल्या ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, आंबाडीची भाजी खाणाऱ्या माणसाचा नमुना विलायती मापाला लावला तर प्रिव्होटेला "जास्त" म्हणून लाल यायचाच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आणि मापाचंच म्हणाल तर, अमेरिकेची मोजमापाची सरकारी संस्था आहे एनआयएसटी, तिनं लॅबवाल्यांना आपली मशीन-पद्धत ताडून पाहता यावी म्हणून विष्ठेचा प्रमाणित नमुना काढला तो २०२५ मध्ये. आमच्याकडे साध्या शुगरच्या मशीनलाही रोज सकाळी कंट्रोल, म्हणजे आधीच आकडा माहीत असलेला नमुना, लावून पाहावा लागतो, आणि इथे सगळ्यांनी वापरावं असं माप आत्ता कुठे आलं, तोवर इकडे टेस्टचे डबे विकून मोकळे. २०२४ च्या शेवटी ह्या विषयातल्या तज्ज्ञांचं आंतरराष्ट्रीय एकमतही लॅन्सेटच्या पोटविकाराच्या मासिकात आलं, त्यात डॉक्टरच्या सल्ल्याशिवाय पेशंटनं आपल्या मनानं ही टेस्ट मागवू नये असं म्हटलं आहे, आणि टेस्ट करणाऱ्यानंच वरून उपचारही सांगू नये असंही. फर्मिक्युट्स-बॅक्टेरॉइडिट्स ह्या जिवाणूंच्या दोन मोठ्या घराण्यांचा रेशो म्हणून जो आकडा मोठ्या अक्षरात छापतात न, तोही रिपोर्टमध्ये देऊ नये म्हणतात.

मग आधी काय करायचं. पहिले तर स्टूल रुटीन, मायक्रोस्कोपीखाली. साधी न स्वस्त टेस्ट आहे, सरकारी दवाखान्यातही होते. पण नीट करा. लोकं सकाळी आठची डबी दुपारी बारा वाजता बसनं आणून देतात आणि म्हणतात "पाहा बरं भाऊ काही दिसते का". पातळ संडासात जिवंत अमिबा असेल तर तो हलताना अर्ध्या तासाच्या आत पाहावा लागतो, नंतर मरतो, काय दिसणार कप्पाळ. म्हणून पातळ होत असेल त्या दिवशी लॅबजवळच द्या. आणि एकदा निल, म्हणजे काही सापडलं नाही, आलं म्हणून सोडू नका, जिआर्डियासारखे आतड्यातले परजीवी रोज बाहेर पडतीलच असं नाही, म्हणून वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने देतात.

त्यासोबत सीबीसी ही रक्ताची साधी तपासणी करा हिमोग्लोबिनसाठी, आणि थायरॉईडची टीएसएच, कारण थायरॉईड कमी पडलं की पोट साफ होत नाही हे बायकांमध्ये खूपदा राहून जातं. पोळी खाल्ली की जास्त होतं असं वाटत असेल तर टीटीजी-आयजीए म्हणून गव्हाच्या आजाराची, सिलियाकची, रक्ताची टेस्ट आहे, पण ती गहू चालू असतानाच करायची, बंद करून केली तर खोटी निगेटिव्ह येऊ शकते. आणि डॉक्टरला आतड्याच्या सुजेची शंका आली तर ते फिकल कॅलप्रोटेक्टिन लिहितील, तीही संडासाचीच तपासणी, तालुक्याला होत नाही, नमुना नागपूरला नाहीतर मुंबईला जातो. जाहिरातीतल्या त्या घरबसल्या टेस्टच्या किटपेक्षा ही एक टेस्ट मला कितीतरी कामाची वाटते, कारण तिच्या आकड्यावरून डॉक्टर पुढचं काही ठरवू शकतो, दुर्बीण टाकायची की नाही वगैरे.

गोळ्यांची यादी पण काढा. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्यानंच पोट घट्ट होतं. गॅसच्या गोळ्या म्हणता त्या पॅन्टोप्राझोल-ओमेप्राझोल प्रकारच्या असतील तर त्यांनीही आतड्यातले जिवाणू बदलतात, म्हणजे किटमध्ये जे उलटसुलट दिसेल ते गोळीचं की आजाराचं हे कसं ओळखणार? आणि घरात कोणी तंबाखू-सुपारीचा खर्रा खात असेल, तुम्हीही मधून मधून तोंडात टाकत असाल (मी विचारून राहिलो, राग नका धरू, आमच्या काउंटरवर बायका पण हळूच सांगतात), तर तेही डॉक्टरला सांगा.

संडासातून रक्त, वजन आपोआप उतरणं, रात्री झोपेतून उठून जावं लागणं, बारीक ताप, हिमोग्लोबिन घसरणं, घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर, ह्यातलं एक जरी असेल तर ना किट ना मी, सरळ सेवाग्रामचा मोठा दवाखाना नाहीतर नागपूरचं सरकारी मेडिकल-सुपर हॉस्पिटल गाठा.

एवढं सगळं नॉर्मल आलं, डॉक्टर आयबीएस (तपासण्या नॉर्मल, तरी आतड्याचं काम बिघडलेलं) म्हणाले, आणि तरी तुम्हाला आपल्या आतड्यात कोण आहे ते पाहायचंच असेल, तर मग शॉटगनवाली घ्या. स्वस्तात अर्धवट माहिती घेण्यात अर्थ नाही. पण पैसे भरायच्या आधी कंपनीला फोन करा आणि विचारा की तुमचा नॉर्मल कोणाच्या नमुन्यांवरून काढला, त्यात भारतातले किती, आणि नमुन्याच्या ट्यूबमधलं औषधाचं पाणी किती डिग्रीपर्यंत नमुना टिकवतं. हा शेवटचा प्रश्न पुण्या-मुंबईच्या माणसाला सुचत नाही, आपल्याला मे महिन्यात ४५-४६ डिग्रीत कुरियरची गाडी कुठे उभी राहते ते माहीत आहे. "रूम टेम्परेचर" म्हणाले तर कोणाची रूम ते विचारा. शक्यतो दिवाळीनंतर करा आणि नमुना सोमवारी-मंगळवारी पाठवा, शनिवारी दिला तर डबा रविवारभर तालुक्याच्या ऑफिसात पडून राहतो.

आणखी एक, रिपोर्ट देणारेच प्रोबायोटिकची, म्हणजे चांगल्या जिवाणूंची, पावडर विकत असतील, "तुमच्या रिपोर्टनुसार खास बनवलेली", तिथून मागे फिरा. रिपोर्टमध्ये कमतरता निघाल्याशिवाय पावडर खपणार कशी? अमेरिकेत युबायोम नावाची कंपनी होती, २०१२ ची, ह्या धंद्यातली मोठी, २०१९ मध्ये एफबीआयची, म्हणजे तिथल्या केंद्रीय तपास यंत्रणेची, धाड पडली, त्याच वर्षी दिवाळं निघालं आणि २०२१ मध्ये मालकांवर फसवणुकीचे आरोप लागले. ते प्रकरण विमा कंपन्यांना गरज नसलेल्या टेस्टची बिलं लावण्याचं होतं. कंपनी बुडाली की तुमच्या डेटाचं काय हाही प्रश्न असतोच, शॉटगनमध्ये तर तुमचा स्वतःचा डीएनए पण थोडा वाचला जातो, तो काढून टाकतात का हे लेखी मागा.

नमुना घेताना कंपनीचा व्हिडिओ कमोडवर आणि टॉयलेट पेपरवर असतो. आपली देशी सीट न पाण्याचा डबा. तर सीटवर कोरडी पॉलिथिन नाहीतर कागदी प्लेट ठेवा, पाणी न लघवी लागू देऊ नका, आणि चण्याएवढा सांगितला तर चण्याएवढाच घ्या, जास्त भरला की ट्यूबमधलं औषध त्याला पुरत नाही. अँटिबायोटिक घेऊन निदान महिना होऊ द्या. एका दिवसाचा नमुना त्या दिवसाचाच असतो, घट्ट झालेल्या दिवशी वेगळा न पातळच्या दिवशी वेगळा, म्हणून पुढे कधी तुलना करायची तर त्याच कंपनीची, त्याच पद्धतीची टेस्ट करा, एक १६एस न एक शॉटगन असं जोडून काही कळत नाही.

खाण्याचा सल्ला म्हणून ब्लूबेरी, केफिर, किमची लिहून येईल, ते वाचून हसा न सोडा. ताक, आंबील, जवसाची चटणी आपल्याकडे आहेच. फक्त हरभरा, चवळी, तूर खाल्ल्यावर फुगतं का ते पंधरा दिवस वहीत लिहून ठेवा, ती वही डॉक्टरला दाखवली तर त्यांना रंगीत रिपोर्टपेक्षा जास्त उपयोगाची पडेल.

पोराची टेस्ट अजिबात नको. त्याला काही त्रास असेल तर त्याचंही स्टूल रुटीन करा. नसेल तर जंताची गोळी चुकवू नका, १० फेब्रुवारीला अंगणवाडी-शाळेत जंतनाशक दिनाला अल्बेंडाझोल फुकट देतात, त्याच्या वयाला पूर्ण ४०० एमजीची असते, चावून खायला लावा, तशीच गिळू देऊ नका. त्या दिवशी घरी असेल तर आशाताईला विचारा, राहिलेल्या पोरांना काही दिवसांनी परत देतात.