‘कवडीमोल भावाने’ आणि कपर्दीच्या जटा

प्रश्न असा आहे : ‘टोमॅटो कवडीमोल भावाने गेले’ हे बरोबर का, आणि ‘कवडी’ हा शब्द इंग्रजी ‘काउरी’वरून आला का?

कवडीमोल म्हणजे कवडीच्या मोलाचं. मोल आलं, मग पुन्हा भाव कशाला? दर हंगामात मथळ्यांत हे वाचून डोळे दुखतात. ‘कवडीमोलाने गेले’ म्हणा, पुरे. आणि कवडीला खरोखर मोल होतं बरं! भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथात जुन्या नाण्यांचं कोष्टक आहे : २० वराटकांची, म्हणजे कवड्यांची, एक काकिणी; ४ काकिणींचा पण, १६ पणांचा द्रम्म. म्हणजे एका द्रम्माला १२८० कवड्या.

‘काउरी’वरून कवडी? ही तर उलटी गंगा! इंग्रजांनी हिंदीतली कौडी उचलून काउरी केली. आपली कवडी संस्कृत ‘कपर्द’ची लेक. ‘प’चा ‘व’ झाला, संस्कृत ‘कपाट’चं (म्हणजे दाराचं) कवाड झालं तसा. आणि ‘र्द’चा ‘ड्ड’. हेमचंद्र या जैन वैयाकरणाने प्राकृत व्याकरणात कपर्दाचं ‘कवड्ड’ हे रूप दिलंच आहे.

आता खरी गोडी पुढे आहे. ऋग्वेदात कपर्द म्हणजे केसांचा पेड! रुद्र कपर्दी, म्हणजे असा पेड असलेला; पूषन् हा देवही कपर्दी; आणि वसिष्ठकुळातले लोक तो पेड उजवीकडे बांधणारे. काही इंग्रजी कोश कपर्दाचं नातं तमिळ ‘कोडू’शी (म्हणजे शंखाशी) लावू पाहतात. मग मधला ‘प’ कुठून उगवला? आणि या केसांचं काय करायचं? कोशकारांनी ऋग्वेद उघडला असता तर ही वेळ आली नसती.

केसांचं नाव या चिमुकल्या समुद्री गोगलगाईच्या घराला का मिळालं, याबद्दल माझं ठाम मत आहे. गुळगुळीत, फुगीर पाठीवर केसांसारखं काहीच नाही. कवडी उताणी करा. मधोमध लांब फट, दोन्ही काठांवर बारीक दात्यांची रांग. घट्ट वळलेली वेणीच! नाव देणाऱ्याने कवडीचं पोट पाहिलं होतं.

तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यात कवड्यांची माळ असते. भवानी म्हणजे भवाची, अर्थात शिवाची, म्हणजे त्याच कपर्दी रुद्राची पत्नी. तिच्या भक्तांनी कवडीच गळ्यात घालावी, हा नुसता योगायोग आहे असं मला मुळीच वाटत नाही.