रेड ठीक, कार्ड ठीक, तरी डिस्क दिसत नाही

प्रश्न : संस्थेत डेलचा जुना सर्व्हर आहे, रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र जोडणारं) पर्क एच७००. त्यावरच्या सेंटओएस ७ या लिनक्सची मुदत जून २०२४ मध्ये संपली म्हणून रॉकी लिनक्स ८.१० टाकायला घेतलं, तर इन्स्टॉलरमध्ये एकही डिस्क दिसत नाही. कंट्रोल-आर दाबून पाहिलं तर रेड 'ऑप्टिमल'. कार्ड गेलं का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : कार्डाला काही झालेलं नाही, नवं घेऊ नका. रेड हॅट कंपनीने आपल्या लिनक्सच्या आवृत्ती ८ पासून 'मेगारेड-सॅस' या रेड कार्डांच्या ड्रायव्हरमधून जुन्या कार्डांचे पीसीआय क्रमांक (कार्डाची ओळख) वगळले आणि रॉकीत तोच कर्नल (लिनक्सचा गाभा) आहे. ड्रायव्हर लोड होतो, पण तुमचं कार्ड ओळखत नाही. म्हणून ड्रायव्हर लोड करणारी 'मॉडप्रोब' आज्ञा कितीदाही चालवलं तरी फरक पडणार नाही.

खात्री करून घ्या. इन्स्टॉलरमध्ये कंट्रोल-ऑल्ट-एफ१, मग कंट्रोल-बी आणि २ दाबा, शेल, म्हणजे आज्ञा लिहायचा पडदा, मिळेल. तिथे 'एलएसपीसीआय -एनएनके' चालवा. कार्डापुढे १०००:००७९ असेल आणि खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ नसेल, तर निदान पक्कं.

ईएलरेपोवरून (अशा लिनक्ससाठी जादा ड्रायव्हर देणारं भांडार) या ड्रायव्हरची डीयूडी (ड्रायव्हर अपडेट डिस्क) आयएसओ उतरवा, ८.१० ला ८.१० चीच. ती 'डीडी'ने दुसऱ्या पेनड्राइव्हवर लिहा आणि दोन्ही पेनड्राइव्ह लावून बूट करा. 'ओईएमडीआरव्ही' लेबल दिसलं की इन्स्टॉलर ड्रायव्हर आपणहून उचलतो. नाहीच उचलला तर बूटच्या ओळीत शेवटी 'आयएनएसटी.डीडी' जोडा, म्हणजे तो विचारेल.

खरी गडबड पुढे, कर्नल अपडेटच्या वेळी होते. नव्या कर्नलच्या इनिटरॅमएफएसमध्ये (बूट होताना आधी लोड होणारी फाइल) हा ड्रायव्हर गेला नाही, तर रूट डिस्क न सापडून मशीन थेट ड्रॅकटच्या (ही फाइल बनवणारं साधन) आपत्कालीन शेलमध्ये पडतं. ईएलरेपो चालू ठेवा, आणि रीबूटआधी नव्या इनिटरॅमएफएसवर 'एलएसइनिटआरडी' चालवून 'मेगारेड' शोधा. नसेल तर त्या कर्नलसाठी 'ड्रॅकट -एफ' चालवा. जुना कर्नल मात्र काढू नका.

ईएलरेपोची भानगडच नको असेल, तर रॉकीसारखंच अल्मालिनक्स, ९.४ किंवा त्यापुढची ९ ची आवृत्ती घ्या. रेड हॅटने वगळलेली बरीच जुनी कार्डं अल्माने मुद्दाम परत घेतली आहेत.

प्रश्न : नव्या लॅपटॉपवर विंडोजशेजारी उबुंटू टाकायचं आहे, पण इन्स्टॉलरमध्ये एनव्हीएमई डिस्क दिसत नाही.

उत्तर : बायोसमध्ये डिस्क हाताळणारं इंटेलचं व्हीएमडी किंवा आरएसटी चालू असेल, ते बंद करून एएचसीआय ही साधी पद्धत निवडा. पण थेट बदललंत तर विंडोज निळा पडदा दाखवेल. आधी बिटलॉकरची (विंडोजचं डिस्क-कुलूप) रिकव्हरी की लिहून ठेवा, 'एमएसकॉन्फिग'मध्ये सेफ बूट लावा, मग बायोस बदला. विंडोज एकदा सेफ मोडमध्ये उघडलं की सेफ बूटची खूण काढून टाका.