मुलाचे हेडफोन त्याला परत द्या

ताई,

हेडफोन आजच परत द्या. बाकीचं सगळं नंतर.

तुमचा मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तो आठवीत असताना त्याचे बाबा गेले. गेले काही महिने तो कॉलेजातून आला की खोलीचं दार लावून घेतो, ताट आत मागतो आणि पिंक फ्लॉइड या इंग्लिश बँडचा ‘द वॉल’ हा एकच अल्बम ऐकत राहतो. तुम्ही गाण्यांचे शब्द शोधून वाचलेत. त्यातल्या आईवरच्या गाण्याने तुम्हाला रडू फुटलं आणि त्या रात्री तुम्ही हेडफोन कपाटात कुलूपबंद केलेत. तेव्हापासून तो तुमच्याशी बोलत नाही. ही गाणीच त्याला माझ्यापासून तोडताहेत का, असं तुम्ही विचारता.

नाही. तो आधीच तुटत होता. या गाण्यांत त्याला त्या तुटण्याची ओळख पटली आहे.

हा अल्बम कशातून जन्मला ते ऐका. जुलै 1977 मध्ये माँट्रियलच्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये पिंक फ्लॉइडचा कार्यक्रम होता. गोंगाटाला वैतागून बँडचे गायक-गीतकार रॉजर वॉटर्स पुढच्या एका चाहत्यावर थुंकले. आपण हे असं कसं वागलो, याचा त्यांना स्वतःलाच धक्का बसला. आपल्यात आणि माणसांत एक भिंत उभी राहिली आहे, या जाणिवेतून नोव्हेंबर 1979 मधला हा दुहेरी अल्बम घडला. त्यात पिंक नावाचा एक गायक आहे आणि आयुष्यात बसलेला एकेक घाव म्हणजे त्याच्या भिंतीतली एकेक वीट.

पहिली वीट वडिलांची आहे. वॉटर्स पाच महिन्यांचे असताना, 1944 मध्ये, त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या अँझिओच्या लढाईत मारले गेले. पिंकलाही वडील आठवतात ते घरातल्या एका फोटोपुरते. इतक्या गाण्यांतून तुमच्या मुलाने हीच का उचलली, याचं उत्तर मला इथे दिसतं.

याच अल्बममधलं शाळेतल्या जाचावरचं गाणं बहुतेकांना ठाऊक असतं. त्यातलं एक कडवं लंडनमधल्या एका शाळेच्या मुलांनी गायलं आहे. 1980 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी वर्णभेदी शिक्षणाविरुद्ध ते उचलून धरलं आणि तिथल्या सरकारने त्यावर बंदी घातली. बंदीने गाणं थांबत नसतं, ते अजून वाजतंच आहे.

आता आईच्या गाण्याकडे येऊ, कारण तुम्हाला खरं तिथे लागलं आहे. ‘मदर’मध्ये मुलगा प्रश्न विचारतो आणि आई उत्तरं देते. मुलाचा आवाज वॉटर्स यांचा, आईचा बँडचे गिटारवादक डेव्हिड गिल्मर यांचा. आई म्हणते, मी तुला पंखाखाली ठेवीन, तुझ्या मैत्रिणी मी पारखीन, आणि हो, भिंत बांधायलाही मीच मदत करीन. तुम्हाला हा आरोप वाटला. मला यातला आईचा सूर ऐकताना फार भरून येतं, कारण तो दुष्ट बाईचा सूर नाहीच. गिल्मर यांनी तो अंगाईसारखा मऊ गायला आहे. नवरा गमावलेल्या बाईला मूलही गमावायचं नाही, म्हणून ती त्याला इतकं घट्ट धरते की त्याचा श्वास कोंडतो. तुम्ही पत्रात लिहिलंय की तो झोपला की तुम्ही त्याचा मोबाइल तपासता. ताई, ते थांबवा. काळजीपोटी करता हे मला कळतं, पण विसाव्या वर्षी त्याच्या दृष्टीने तीही एक वीटच आहे.

तुमचे दीर म्हणतात तसं हॉस्टेलवर पाठवूनही काही साधणार नाही. याच अल्बममध्ये पिंक हॉटेलच्या खोलीत एकटा बसलेला आहे. समोर टीव्हीवर तेरा वाहिन्या, हाताशी फोन, आणि घरी लावला तर उचलणारं कुणी नाही. 1979 मधल्या त्या खोलीत मोबाइल ठेवला तर ती आजची कुठलीही खोली होईल. माणसाला माणसापर्यंत पोचवणारी साधनं वाढली तरी पोचणं सोपं झालेलं नाही, म्हणूनच हा अल्बम आजच्या वीस वर्षांच्या मुलालाही आपला वाटतो.

1980 च्या पिंक फ्लॉइडच्या कार्यक्रमांत पुठ्ठ्याच्या विटांची भिंत खरोखरच मंचावर रचत जात. मध्यंतरापर्यंत ती पूर्ण होई आणि वादक दिसेनासे होत. मध्यंतरानंतर पहिलं गाणं भिंतीमागून येई, ‘हे यू’. आत अडकलेला माणूस बाहेरच्याला हाक मारतो आहे, असं ते गाणं. इंग्रजी पूर्ण कळलं नाही तरी चालेल, तेवढं एक तुम्ही ऐका. मग मुलाला सांगा, मी हे ऐकलं, मला यातलं थोडंच कळलं, तू सांगशील का? एवढंच. ‘एवढं दुःखी का ऐकतोस’ हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. तो पहिल्यांदा खांदे उडवेल. आठवड्याने पुन्हा विचारा.

अल्बमच्या शेवटी पिंक स्वतःवरच खटला भरतो आणि भिंत पाडण्याची शिक्षा होते. लोकांसमोर उघडं पडायचं, ही त्याला सगळ्यात मोठी भीती, म्हणून तीच शिक्षा. भिंत पडते. पण अल्बमच्या अगदी शेवटी अर्धवट राहिलेलं वाक्य अल्बमच्या अगदी सुरुवातीला पूर्ण होतं, म्हणजे सगळं पुन्हा सुरू. तेव्हा मुलगा एके दिवशी मोकळं बोलला आणि दुसऱ्या दिवशी दार लावून बसला, तर खचू नका.

मात्र एक गोष्ट गाण्यांवर सोडू नका. जेवण-झोप बिघडली असेल, कॉलेज सुटत असेल, जगण्यात अर्थ नाही असं तो बोलत असेल, आवडत्या वस्तू वाटून टाकत असेल, तर वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. मरणाबद्दल बोलला तर त्याला एकटं सोडू नका. सरकारच्या टेली-मानस या मोफत सेवेचा क्रमांक 14416 आहे. तिथे तुम्हीही फोन करू शकता, स्वतःसाठीसुद्धा.

शेवटचं. तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात यजमानांबद्दल एकच वाक्य आहे, ते गेल्याचं. घरात त्यांच्याबद्दल बोलणं होतं का? त्यांना कोणती गाणी आवडायची, ते चिडले की काय करायचे, मुलगा झाला तेव्हा काय म्हणाले, हे त्याला कुणी सांगितलं आहे का? नसेल, तर ते सांगणं तुमच्याच हातात आहे. सांगताना रडू आलं तर येऊ द्या, त्याच्यासमोरच.